मिठीखालून जाताना

गुरुवार, रात्रीचे सव्वानऊ

ती ओळ काय होती ते अजून कळलं नाही. जेवतानाही तेच डोक्यात.

दादरला मेट्रोत चढले. बसायला मिळालं म्हणून फोन काढून आयआरसीवर, इंटरनेटवरच्या त्या जुन्या, नुसत्या लेखी गप्पांच्या जागेत गेले आणि रविवारपासून मनात घोळत होतं ते एकदाचं लिहिलं. दोन छोट्या तुकड्यांत लिहिलं. तिथे एका ओळीला ५१२ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. पहिली ओळ: आईचं कपाट उघडलं, साड्यांना अजून तिचा वास आहे. दुसरी: तुम्ही अशा साड्यांचं काय केलंत? घरच्या ग्रुपवर हे विचारता येत नाही. तिथे जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि दादा... जाऊ दे.

धारावी सोडलं, गाडी मिठी नदीखालच्या भुयारात शिरली आणि रेंज गेली. बीकेसीला परत आली तेव्हा मला माझंच नाव मिळेना. ‘आबोली’ आधीच आत बसलेली. सर्व्हर मधूनमधून पिंग पाठवून ‘आहेस ना?’ विचारतो आणि उत्तर आलं नाही तरी थोडा वेळ वाट बघतो. तोवर तुटलेलं नाव यादीत तसंच राहतं. त्याला घोस्ट म्हणतात. मी नावाला अंडरस्कोर जोडून आत गेले. समोर एकच ओळ आली, ‘निवांत’ची: “अगदी हेच. आमच्याकडेही असंच केलं.”

हेच म्हणजे काय? कुणीतरी मला उत्तर दिलं होतं, आणि ते त्या घोस्टला मिळालं. मिनिटभराने तीही गेली. आबोली, पिंग टाइमआउट. उत्तर सोबत घेऊन गेली.

आयआरसीचा सर्व्हर चॅनेलवरचं, म्हणजे गप्पांच्या खोलीतलं, बोलणं साठवत नाही. १९८८च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने ते सुरू केलं, तेव्हापासून रीत हीच: हजर असाल तर ऐकाल. सायबर कॅफेच्या दिवसांत हे कधी टोचलं नव्हतं. तास संपला की उठायचं, मागे काय बोलणं झालं याची फिकीर नसायची. आज मात्र मरोळ नाक्यापर्यंत स्क्रीनकडे बघत बसले. एवढं धीर करून विचारलं आणि नेमकं तेव्हाच भुयार यावं? माझ्याच वाट्याला का, असंही मनात आलं.

पण मी इथे परत आले ते कशामुळे? मार्चमध्ये त्या फोटोवाल्या ॲपने सकाळीच ‘चार वर्षांपूर्वी आजच्या दिवशी’ म्हणून आई दाखवली. माथेरानची, अंजिरी साडीतली. मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. त्याच रात्री खातं बंद केलं. काहीही जपून न ठेवणारी जागा हवी होती मला. बाउन्सर नावाचा प्रोग्रॅम लावला असता तर तो माझ्या मागे चॅनेलवर बसून ओळी सांभाळत राहिला असता. भाचा लावून देतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. मग एक ओळ राहिली नाही म्हणून रडायचं कशाला? रडले थोडी, तरी.

पुन्हा विचारावं की नाही, यातच भांडी घासून झाली. एकदा मिळालेलं सांत्वन परत मागायला जड जातं. आईला शेवटच्या वर्षात ऐकू कमी यायचं. प्रत्येक वाक्याला ‘काय म्हणालीस?’ म्हणायची, अगदी सहज, आणि आम्ही परत सांगायचो. एकदाही कंटाळलो नाही असं म्हणवत नाही. पण सांगायचो.

शेवटी लिहिलं: “निवांत, मगाशी मी तुटले होते. कुणी काय सांगितलं?”

लगेच उत्तर आलं: “सांगतो. कुकर लावलाय, दोन शिट्ट्या राहिल्यात.”

फोन चार्जिंगला लावून ओट्यापाशीच बसले आहे.