दमानं

सोमवार, पणजी

काल झाली एकदाची हाफ आयर्नमॅन. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. साडेआठ तासांची मुदत होती, त्यातला तासभर शिल्लक ठेवून मी आत आले. पाय ठणकताहेत आणि झोप येत नाही, तेव्हा ताजं आहे तोवर लिहून काढते.

मिरामार किनाऱ्याला पाणी गढूळ असतं. मांडवीचं मुख शेजारीच. हात पुढं टाकला की मनगटाच्या पुढचं दिसत नाही. आमच्या कोल्हापूरच्या राजाराम तलावात पाणी स्थिर, काठावरचं झाड धरून सरळ जाता येतं. समुद्रात लाट तुम्हाला उचलते तेव्हाच बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, दिसतो, दोन लाटांच्या खळग्यात असलात तर डोकं वर काढून नुसतं पाणीच पाहायचं. हे मालवणला चिवला किनाऱ्यावर सराव करताना कळलं होतं: आधी लाटेचा अंदाज घ्यायचा, तिनं वर नेलं की एक नजर टाकायची आणि लगेच मान खाली. काल ते अंगात भिनलेलं होतं. शिवाय खारं पाणी शरीर वर धरतं, तळ्यापेक्षा पाय कमी बुडतात. या कोमट समुद्रात वेटसूटला, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या रबरी पोशाखाला, परवानगी नसते, आणि नसते तेच बरं. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं दिलेली असतात, ती मला पुरून उरली.

पण मला लिहायचंय ते पोहण्याबद्दल नाही, हळू जाण्याबद्दल.

आमच्या प्रशिक्षक सरांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, "पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली की चालायला लाग." रंकाळ्यावर पहाटे सगळे मला मागे टाकून जायचे. फिरायला आलेली माणसंसुद्धा. हातातल्या घड्याळात हृदयाचे ठोके ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की मी वेग सोडायची. याचं कारण शरीराच्या हिशोबात आहे. जोरात गेलं की स्नायू साठवलेली साखर भराभर जाळतात, आणि तो साठा काही तासांत संपण्याएवढाच असतो. सावकाश गेलं की चरबी जाळण्याचा वाटा वाढतो, आणि ती कुणाच्याही अंगात दिवसभर पुरेल इतकी असते. महिनोन्‌महिने हळू पळून शरीराला ही सवय लावायची. मग एक दिवस त्याच ठोक्यांत वेग थोडा वाढलेला दिसतो. मला तो दिसला तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

कोल्हापूरचा पावसाळा मला फार आवडतो. वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ धुक्यात चढताना पुढचं वळणही दिसत नाही, अंगावर पाऊस आणि तरी आतून ऊब. मात्र गोव्यातल्या ऑक्टोबरच्या उन्हासाठी ही तयारी उलटीच. म्हणून सप्टेंबर संपता संपता सरांनी दुपारी बाराला पळायला लावलं. उन्हाची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. सासूबाईंना ती दुपारची वेळ अजिबात पटली नव्हती. "बाराच्या उन्हात कोण पळतं गं?" म्हणायच्या, आणि परत आले की मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत हातात द्यायच्या. माझ्या सरावातला तो सर्वांत चांगला घोट.

सायकलवर खाणं हा वेगळा अभ्यास होता. दर वीस मिनिटांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे, भूक असो वा नसो. राधानगरीच्या रस्त्यावर मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर आणि जेल (पुडीतला साखरेचा घट्ट पाक) आलटून पालटून खाऊन पाहिले. बटाटे पहिल्या दोन तासांसाठी, नंतर फक्त जेल आणि पाणी, असं माझ्या पोटानं ठरवलं. उन्हात रक्त कातडीकडे धावतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, त्यामुळे उशिरा खाल्लेलं जड अन्न तसंच पडून राहतं.

काल सायकलवर या सगळ्याची परीक्षा झाली. पुढच्या सायकलच्या मागं चिकटून वारा चुकवता येत नाही, १२ मीटर अंतर राखावंच लागतं. म्हणजे आपला वारा आपणच कापायचा. पणजीबाहेरच्या चढांवर माझ्या बाजूनं किती जण सूं करून गेले! आत कुठंतरी पाय जोर मागत होते. मी घड्याळाकडे बघत राहिले आणि खात राहिले.

१९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिली, आमच्या दुप्पट अंतराची आयर्नमॅन झाली, तेव्हा १५ जण सुरुवातीला होते. जॉन डनबार सायकलवरून उतरला तेव्हा पहिला होता. मॅरेथॉनमध्ये त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं, त्यांनी त्याला बिअर दिली, आणि गॉर्डन हॅलर मागून येऊन जिंकला. ही गोष्ट सर आम्हाला दर महिन्याला ऐकवायचे. काल धावायला लागल्यावर मला ती खरोखर समजली. सायकलवर मला मागं टाकून गेलेले कितीतरी जण रस्त्याच्या कडेला पोटऱ्या धरून उभे होते. त्यांच्याकडे बघून आनंद झाला नाही, त्यांच्यातल्या एकाला मी माझ्याकडची मिठाची गोळी दिली. त्यानं मान हलवली आणि दोघंही न बोलता थोडं चाललो.

ऊन आता डोक्यावर होतं. उन्हात तोच वेग ठेवला तरी ठोके चढत जातात, म्हणून मी वेग उतरवत गेले आणि ठोके धरून ठेवले. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालले: एक पेला पोटात, एक डोक्यावर, बर्फ टोपीत. दोना पावलाकडच्या चढावर सगळेच चालत होते. उतारावर मी पळाले. फेरीच्या वळणावर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हे उभे होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय दिसलं कोण जाणे, ओरडले, "दमानं जा गं, अजून एक फेरी हाय!" पोरगा मात्र "आई, पळ!" म्हणून नाचत होता. दोघांचंही ऐकलं. शेवटच्या दोन किलोमीटरवर पहिल्यांदाच घड्याळाकडे बघणं सोडून दिलं, आणि पायांत जोर होता! इतक्या महिन्यांत जो राखून ठेवला होता तोच.

पदक गळ्यात पडलं तेव्हा रडू आलं, ते थांबवलं नाही.

बुधवार, कोल्हापूर

आंबोलीमार्गे परत आलो. सायकल गोड्या पाण्यानं धुतली, साखळीला तेल दिलं. सर म्हणाले, आठवडाभर फक्त चालायचं आणि झोपायचं. गल्लीतल्या दोघी जणी विचारून गेल्या, आम्हाला जमेल का. उद्यापासून पहाटे त्यांना घेऊन रंकाळ्यावर चालायला जायचं ठरलंय, आणि वाटेत गप्पा बंद पडल्या तर वेग कमी करायचा, एवढंच त्यांना सांगितलंय. डिसेंबरात चिवल्याला सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथं नाव घालणार आहे.