राजाच्या खुर्चीत कुत्रा

रविवारी दुपारी माळा आवरताना कॅसेटींचा खोका निघाला आणि आवरणं तिथेच थांबलं. त्यात मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’चं कव्हर होतं, १९९१चं. आत कॅसेट नव्हती, पण माझं अडलं नाही. तेव्हाही गाणी दादाची आणि कव्हर माझं, अशीच वाटणी होती.

सोनेरी, कोरीव मुखवट्यातून जॅक्सनचे नुसते डोळे. वर मुकुट घातलेलं माकड. एकीकडे सिंहासनावर राजाच्या थाटात कुत्रा, दुसरीकडे पक्ष्याच्या तोंडाची राणी. खाली सर्कसवाला बार्नम, त्याच्या डोक्यावर चिमुकला माणूस उभा. आजीला ते डोळे सहन व्हायचे नाहीत. ‘‘मेला टक लावून बघतोय, उपडं ठेव ते!’’ मी उपडं ठेवायचो, तिची पाठ वळली की पुन्हा सुलटं. माझं सगळं लक्ष कुत्र्यावर. ह्याला राजा केलं कोणी? आणि राणी पक्षी, तर ह्यांचं जमतं कसं?

पुढे कॉलेजच्या लायब्ररीत एका जाडजूड पुस्तकात फ्रेंच चित्रकार अँग्रने १८०६ मध्ये रंगवलेला नेपोलियन दिसला. तसंच सिंहासन, तसाच पायघोळ झगा, डोक्यामागे तीच गोल पाठ. मी चक्क मोठ्याने म्हणालो, ‘‘अरे, हा तर आपला कुत्रा!’’ समोरच्या टेबलावरच्या मुलीने जागा बदलली.

कव्हर रंगवणारा मार्क रायडन. त्याच्यासारख्या चित्रकारांच्या पंथाला पॉप सर्रिअलिझम म्हणतात, स्वप्नात दिसावी तशी विचित्र चित्रं. कॉमिक्स, कार्टून, हॉट रॉड म्हणजे इंजिन वाढवून नटवलेल्या गाड्या, सगळा बाजारू माल ह्यांना चालतो. त्यांचा म्होरक्या रॉबर्ट विल्यम्स. १९९४ साली ह्याच पंथाचं ‘जक्स्टापोझ’ मासिक निघालं त्यामागेही तोच. विल्यम्सचे रंग कसे, डोळ्यांत बोटं घालणारे. रायडन मात्र देवघरात बसल्यासारखा रंगवतो. मऊ, नितळ, जुन्या युरोपियन तैलचित्रांसारखा. आणि एवढ्या सोवळ्यात रंगवतो काय, तर मटण! १९९८ची त्याची अमेरिकेतल्या पॅसाडिनातली प्रदर्शनी, नावच ‘द मीट शो’. बशीएवढ्या डोळ्यांच्या, फिकट मुली. मधूनच अब्राहम लिंकन. आणि कच्च्या मांसाचे तुकडे, त्या मुलींच्या गालांवर असतो त्याच गुलाबी रंगाचे.

मी मटण खातो. दुकानात उभा राहून खिमा करून घेतो, ‘जरा बारीक’ म्हणून सांगतोही. तिथे काही होत नाही. त्या गुलाबीने मात्र पोटात ढवळतं. लालभडक असतं तर चाललं असतं बहुतेक. इतकं गोड का रंगवायचं, ह्यावर माझा राग आहे. पण चित्र मोठं करून बघतो मीच.

परवा बायकोला त्याचं २००९चं ‘इन्कार्नेशन’ दाखवलं. छोटी मुलगी, अंगात मांसाचाच झगा. बायकोने मोबाईल हातात घेऊन नीट निरखलं. ‘‘घेर चांगला आहे,’’ म्हणाली, ‘‘पण दहा किलो तरी गेलं असेल.’’ आणि चहा टाकायला उठली.