थायलंडात इंग्रजी शिकवायला गेले होते त्याबद्दल, एकदाचं सगळं

परत आल्यापासून दोन प्रश्नांनी पिच्छा पुरवलाय. चर्चमधले आणि नातेवाईक विचारतात, "मग, किती जण प्रभूकडे आले?" आणि ऑफिसमधले, कॉलेजमधले मित्रमैत्रिणी जरा अडखळत, आजूबाजूला बघत विचारतात, "म्हणजे तिकडे तुम्ही लोकांना कन्व्हर्ट वगैरे...?" गंमत म्हणजे दोघांनाही आकडाच हवा असतो, एकाला तो मोठा असावा असं वाटतं आणि दुसऱ्याला तो मोठा असेल अशी भीती वाटते. "पगार किती होता" हे मात्र दोन्हीकडचे अगदी मोकळेपणाने विचारतात. पगार नव्हता. खोली होती, दोन वेळचं जेवण होतं, तिकीट आणि इन्शुरन्सचे पैसे मी आणि आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, मिळून जमवले होते, आणि ते जमवणं हेच एक प्रकरण होतं, कारण आपल्याकडच्या चर्चना बाहेरून पैसे येण्याची सवय आहे, बाहेर पाठवायची नाही. एक आजोबा तर मला म्हणाले, "अगं पण मिशनरी गोरे असतात ना?"

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. मी गेले होते चिआंग माईला, थायलंडच्या उत्तरेला, शहराच्या कडेला एक चर्चशी जोडलेली छोटी शाळा आणि तिथेच होस्टेल. होस्टेलमधली बहुतेक मुलं डोंगरातली, करेन आणि लाहू जमातींची. त्यांच्या गावात शाळा पाचवी-सहावीपर्यंत, म्हणून खाली शहरात येऊन राहतात. घरी करेन किंवा लाहू बोलतात, शाळेत थाई, आणि मग तिसरी भाषा म्हणून इंग्रजी, आणि ती शिकवायला नगरहून आलेली बाई जिच्या इंग्रजीत मराठीचा वास येतो. बरं, ही मुलं ख्रिस्तीच होती, पणजोबांच्या काळापासून, त्यामुळे त्यांच्या बाबतीत "प्रभूकडे आले का" हा प्रश्नच नाही. ते माझ्यापेक्षा जास्त सुरात चार आवाजात गायचे, मी आपली मागे उभी राहून टाळ्या वाजवायचे.

संध्याकाळच्या फुकट क्लासला मात्र आजूबाजूची बौद्ध घरातली मुलं यायची. खरा विषय तो आहे, त्याकडे येते.

पण आधी वर्गाबद्दल सांगू द्या कारण मला त्याचीच जास्त आठवण येते. थाई मुलांची टोपणनावं हा एक स्वतंत्र विषय आहे. खरं नाव लांबलचक, आपल्याला ओळखीचं वाटेल असं संस्कृत-पालीतून आलेलं, ते फक्त हजेरीपुरतं. रोजचं नाव आईवडलांना आवडेल ते. माझ्या वर्गात बँक होता, गोल्फ होता, आइस होती, आणि बीअर होता. आठ वर्षांचा बीअर. आईला व्हिडिओ कॉलवर म्हटलं "आज बीअरने फार त्रास दिला" तर ती पलीकडून गप्पच झाली.

उच्चार शिकवताना लक्षात आलं की थाईमध्ये शब्दाच्या शेवटी स, ल, च असले आवाज टिकतच नाहीत. 'हाउस' म्हणजे 'हाउ', 'राइस' म्हणजे 'राइ', आणि र चा ल होतो म्हणून 'लाइ'. अनेकवचनाचा एस लावायला सांगायचं कसं, तो एस ऐकूच येत नाही त्यांना, आणि थाईत अनेकवचनाला शब्द बदलतही नाही, क्रियापदाला भूतकाळ लागत नाही, काल म्हटलं की झालं. आणि मी कोण बोलणार, मला अजून व्ही आणि डब्ल्यूमधला फरक नीट ऐकू येत नाही, आपल्याकडे दोन्हीला व. मग आम्ही सगळे मिळून आरशासमोर ओठ दाताखाली दाबून बसायचो. एका बाबतीत मात्र मी कुठल्याही अमेरिकन व्हॉलंटियरच्या पुढे होते, थाई मुळाक्षरं क-ख-च अशाच वर्गांच्या क्रमाने जातात, म्हणून मला ती चटकन पाठ झाली आणि मुलांना वाटलं बाई फार हुशार आहे. मी गैरसमज दूर केला नाही.

आता त्या अमेरिकन (आणि कोरियन) टीम्सबद्दल. सुट्टीत आठवड्याभरासाठी येतात, एकसारखे टीशर्ट, हातवारे करून गाणी, फुगे, कलरिंग, शेवटच्या दिवशी एक गोष्ट आणि ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांना डोळे मिटून हात वर करायला सांगणं, मग ग्रुप फोटो. लोक चांगले असतात, खरंच, एक काकू तर रोज रात्री सगळी भांडी घासायच्या. पण होस्टेलमधल्या एका मुलीने मला सांगितलं की ती दरवर्षी हात वर करते, कारण नाही केला तर पाहुण्यांना वाईट वाटतं. थाई माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही हो. तो हात मोजून कुणीतरी घरी जाऊन आकडा सांगतं. आणि इंग्रजी? तेच रंग, तेच प्राणी, तेच डोकं-खांदे-गुडघे, दरवर्षी पहिल्यापासून. माझं स्पष्ट मत आहे की आठवड्याचा इंग्लिश कॅम्प म्हणजे इंग्रजी नाही, आणि शुभवर्तमानही नाही, ती सहल आहे. सहल म्हणून काढा, माझी काही हरकत नाही.

तर संध्याकाळच्या क्लासकडे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बँकची आई मुलाला सोडायला आली ती गेटपाशी थांबून राहिली. नूडल्सची गाडी चालवायच्या त्या, खाओ सोय, म्हणजे तिकडच्या रश्शातल्या नूडल्स, फार झकास करायच्या. होस्टेलच्या वॉर्डन मावशींना दुभाषी म्हणून बोलावलं आणि हसतहसत विचारलं, की हे फुकट का आहे? मुलगा ख्रिस्ती व्हावा म्हणून का?

हा प्रश्न माझ्या घरात शंभरेक वर्षं राहतोय. माझी पणजी 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ झाली, मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, तिथेच शिकली, तिथेच लग्न ठरलं. "पोटासाठी धर्म बदलला" हे माझ्या आजीने आयुष्यभर ऐकलं, मी शाळेत एकदोनदा ऐकलं. आजी चिडायची नाही, म्हणायची, भाकर दिली तेव्हा तुम्ही कुठं होता? बरोबरच आहे तिचं. पण भूक लागलेल्या पोरीला हो-नाही म्हणायची खरीखुरी मोकळीक होती का, हा प्रश्न मला पडतो, आणि तो पडला म्हणून माझी श्रद्धा कमी होत नाही. पणजी वाचायला शिकली ही गोष्ट मला कुणाकडूनही परत घ्यायची नाहीये. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण तिथं झालं असं सांगतात, जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि दोघांपैकी कुणी ख्रिस्ती झालं नाही. शाळेचं काम शाळेने केलं.

म्हणून बँकच्या आईला मी म्हटलं, नाही. क्लासमध्ये इंग्रजीच असेल. रविवारी चर्च असतं, ते वेगळं, त्याचा क्लासशी संबंध नाही, आणि तो रविवारी आला नाही म्हणून सोमवारी त्याला कुणी काही म्हणणार नाही. त्याने मला माझ्या देवाबद्दल विचारलं तर खोटं बोलणार नाही, सांगेन, पण आधी तुम्हाला विचारेन. वॉर्डन मावशींनी हे सगळं थाईत किती नीट पोचवलं देव जाणे, कारण माझं इतकं मोठं बोलणं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. पण बाई वाय करून, म्हणजे आपल्यासारखे हात जोडून, गेल्या आणि मुलगा येत राहिला.

नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं की ही अट थायलंडात नवीन नाहीच. राजा मोंगकुट गादीवर यायच्या आधी भिक्खू होता, तेव्हा त्याने 1845 च्या सुमारास जेसी कॅसवेल नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याकडून इंग्रजी शिकायला सुरुवात केली आणि बदल्यात विहाराच्या आवारात त्याला प्रवचनासाठी खोली दिली. केवढा व्यवहारी माणूस! तुम्ही तुमचं सांगा, मला व्याकरण द्या. हे मिशनरी अमेरिकन बोर्ड नावाच्या ज्या मिशनसंस्थेने पाठवले तेच बोर्ड 1813 मध्ये मुंबईत आलं होतं, आमच्या नगरच्या मिशनचं मूळ तेच. त्याच बोर्डाचे डॉ. ब्रॅडली 1835 ला बँकॉकला पोचले, देवीची लस आणली, छापखाना चालवला, 1844 मध्ये थाईतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं, आणि इतक्या वर्षांच्या धडपडीत धर्मांतरं मात्र अगदी मोजकी. पुढे मोंगकुट राजा झाल्यावर मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यातल्या बायकांना शिकवायला जायच्या, ते धर्माच्या शिकवणीवरून बंद पडलं. मग 1862 मध्ये राजाने आपल्या मुलांसाठी एका विधवा बाईला सिंगापूरहून बोलावलं आणि पत्रातच लिहिलं, की इंग्रजी भाषा, विज्ञान, साहित्य यासाठी प्रयत्न करा, ख्रिस्ती करण्यासाठी नको.

ती बाई म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स. तिच्यावर हॉलिवूडने सिनेमे काढले आणि राजाचा अपमान होतो म्हणून थायलंडने ते दाखवू दिले नाहीत, एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की ती आमच्या नगरची! 1831 मध्ये नगरला जन्म, वडील कंपनीच्या फौजेत सार्जंट, ते तिच्या जन्माआधीच वारलेले. बाईने आयुष्यभर सांगितलं की आपण वेल्समध्ये जन्मलो, साल पण बदलून 1834 केलं. बऱ्याच वर्षांनी संशोधकांनी नोंदी शोधल्या तेव्हा खरं बाहेर आलं.

मला तिचा राग येत नाही, उलट मला ते फार कळलं. आजही चिआंग माईत इंग्रजी शिक्षकाच्या जाहिराती बघा, 'नेटिव्ह स्पीकर' हवा, म्हणजे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असले पासपोर्ट. फिलिपिनो शिक्षक तिथं भरपूर, बहुतेक उत्तम शिकवतात, आणि त्याच कामाला गोऱ्यापेक्षा कमी पगार घेतात. एका शाळेत आम्ही काही जण ओळख करून घ्यायला गेलो तर तिथले सर माझ्या मागे बघत राहिले, फरांग अजून यायचाय असं समजून. फरांग म्हणजे गोरा. माझ्याबरोबर इंग्रजी घेणारी स्लोव्हाकियाची एक मुलगी होती, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं हे ती स्वतःच म्हणायची, पण पालक फोटो तिच्याबरोबर काढायचे. अशा बाजारात 1862 साली एका सार्जंटच्या पोरीने 'नगर' असं सांगितलं असतं तर राजवाड्याचं दार उघडलं असतं का?

मी मात्र जिथं तिथं नगर सांगितलं. नकाशावर दाखवायचे. मुलांना त्यात काडीचा रस नव्हता, त्यांना शाहरुख खान भेटलाय का एवढंच विचारायचं होतं.

एक दिवस मात्र असा आला की मला काय करावं कळेना. जूनमध्ये एका गुरुवारी शाळांमध्ये वाय क्रू असतो, गुरुवंदना. मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर रांगत येतात आणि शिक्षकांपुढे डोकं टेकवतात. आमच्या शाळेत सुरुवातीला प्रार्थना होती, बाकी सगळं तसंच. तबकात इक्झोराची फुलं, वांग्याची फुलं आणि चक्क दूर्वा. विद्या दूर्वेसारखी पसरावी म्हणून. नगरच्या आमच्या मंडळीत कुणी दूर्वांची जुडी घेऊन आलं असतं तर वडीलमंडळींची तातडीची मीटिंग लागली असती, आणि इथले करेन पाळकसाहेब, कट्टर बाप्टिस्ट, शांतपणे दूर्वा स्वीकारत होते. माझ्या पुढे बीअर आला. मी पटकन त्याला उठवायला गेले तर शेजारच्या बाईंनी माझा हात धरला, बसा म्हणाल्या, हा त्यांचा कार्यक्रम आहे, तुमचा नाही.

परत आल्यावर अहवाल लिहायचा होता. छापील फॉर्म, त्यात एक रकाना 'निर्णय घेतलेल्यांची संख्या', म्हणजे किती जण प्रभूकडे आले ते. मी शून्य लिहिलं आणि खाली जागा नव्हती तरी बारीक अक्षरात लिहिलं की अकरा मुलं आता स्वतःची स्वतः एक पानाची गोष्ट वाचतात. कमिटीतल्या एका काकांचा फोन आला, बेटा, शून्य बरं दिसत नाही, 'बी पेरलं' असं काहीतरी लिही. मी म्हटलं काका, मग बँकच्या आईला मी काय सांगितलं होतं? ते म्हणाले कोण बँक? मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पटलं नाही त्यांना. आमचे पाळकसाहेब मात्र म्हणाले राहू दे शून्य, आणि पुढच्या वर्षीचा थोडा निधी बाजूला ठेवलाय. थोडाच आहे, तिकीटही पूर्ण होणार नाही.

आता संगमनेरची एक मुलगी जायचं म्हणतेय, तिने विचारलंय तयारी काय करू. टूरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवू नकोस, फुकट शिकवलं तरी ते काम धरतात, व्हॉलंटियरचा नॉन-ओ व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, तिथल्या लोकांकडून कागद आल्याशिवाय तिकीट काढू नको. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, विसरलं की दंड. डिग्रीचं अटेस्टेशन इथूनच करून ने. मार्चमध्ये शेतं आणि डोंगर जळतात, धुराने डोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो, चांगले मास्क घेऊन जा. आणि थाई थोडं तरी शिकून जा गं, निदान एवढं की आई गेटवर येऊन काही विचारेल तेव्हा मध्ये वॉर्डन मावशी लागणार नाहीत.