आमची वाटचाल : आधी रोकड, मग ताळेबंद

फुटबॉल क्लब विकत घेऊ पाहणाऱ्यांना हिशेब तपासून देणे, एवढेच आमच्या छोट्या फर्मचे काम. पूर्वी आम्ही वार्षिक ताळेबंदापासून सुरुवात करायचो. आता आधी दोन कागद मागतो : पुढच्या २४ महिन्यांची महिनावार रोकड आणि प्रत्येक खेळाडूचा करार संपण्याची तारीख.

याचे कारण साधे आहे. ५ कोटी पाउंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू पुस्तकात दरवर्षी १ कोटीचा खर्च दाखवतो. तीन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत २ कोटी उरते. तो ३ कोटींना विकला की १ कोटी नफा. पण विक्रीचे पैसे तीन हप्त्यांत येणार असतील आणि खरेदीचे हप्ते थकलेले असतील, तर त्याच नफ्याच्या वर्षी पगाराला पैसे पुरत नाहीत. डर्बी काउंटी या इंग्लिश क्लबने खेळाडूंच्या पुस्तकी किमतीतली ही घट दरवर्षी समान न ठेवता कराराच्या अखेरीकडे ढकलली होती. हिशेबातल्या उल्लंघनाचे ९ आणि दिवाळखोरी प्रशासनाचे १२, असे २१ गुण २०२१-२२ मध्ये कापले गेले आणि क्लब खालच्या विभागात गेला.

लीड्स युनायटेड हा इंग्लिश क्लब २००१ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. त्या महत्त्वाकांक्षेत आम्हाला काही गैर दिसत नाही. चूक पुढच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पाउंड उचलण्यात होती. चॅम्पियन्स लीगची पात्रता हुकली, पगार मात्र ठरलेलेच राहिले; २००४ मध्ये प्रीमियर लीग हा इंग्लंडचा अव्वल विभागही सुटला.

म्हणून अंदाजपत्रकात बढती, मधले स्थान आणि घसरण असे तीन रकाने हवेतच. घसरणीच्या रकान्यात पगार आपोआप कमी करणारे कलम किती करारांत आहे, ते नावानिशी मोजावे. प्रीमियर लीगमधून उतरलेल्यांना मिळणारी मदत प्रक्षेपणाच्या पैशांतल्या, सर्व क्लबांना मिळणाऱ्या समान वाट्याच्या तीन वर्षांत ५५, ४५ आणि २० टक्के अशी उतरते. वर फक्त एकच हंगाम टिकलेल्या क्लबला तिसरे वर्ष मिळत नाही. नव्या मालकांकडून नेमके हेच सुटते.

नियमही पुरते वाचावेत. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ पर्यंत तीन वर्षांत १०.५ कोटी पाउंड तोट्याची मुभा होती. मालकाने भागभांडवल घातले नाही, तर मर्यादा १.५ कोटीच होती. अकादमी आणि मैदानाच्या उभारणीवरचा खर्च या गणितातून वगळला जायचा, त्यामुळे मोठे स्वप्न असलेल्या मालकाला आम्ही पहिला पैसा तिथेच घालायला सांगायचो.