वेळासची कासवं: मराठवाड्यातून निघण्याआधी घरट्याची तारीख विचारा

"रोज शेकडो पिल्लं निघतात सर, तुम्ही फक्त गाडीत बसा," असं आमच्या लातुरातल्या सहलवाल्याने सांगितलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिल्लं बघायला आम्ही गेलो, वाळूत लागोपाठ तीन वेळा उभे राहिलो आणि तिन्ही वेळा घरट्यावरच्या टोपलीखाली नुसती वाळू निघाली. चौथ्या वेळी जे दिसलं त्यासाठी साडेपाचशे किलोमीटर मी उद्याही जाईन. पण आधीचे हाल टाळता आले असते, म्हणून हे लिहितोय.

आधी रस्ता, कारण आपल्याकडून जाणाऱ्याचा जीव तिथंच जातो. लातूरहून मुरूड, येडशी, बार्शी, टेंभुर्णी, पुणे हे सगळ्यांना पाठ आहे. पुढे ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा आणि बागमांडला. बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे वेसवीला उतरायचं, मग बाणकोटवरून वेळास. "बोट रात्री बारापर्यंत असते," हे वाक्यही त्याच सहलवाल्याचं. आम्ही पुण्यात जेवायला दोन तास घालवले ते त्याच भरवशावर. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट कधीच गेली होती. पलीकडच्या काठावरचे दिवे दिसत होते आणि जायला वाट नव्हती.

मग उलटं फिरून म्हसळा, महाड, मंडणगड असा वळसा. मंडणगडपासून पुढचा टप्पा मी जन्मात विसरणार नाही. अंधार, एका गाडीपुरता रस्ता, एका अंगाला जांभ्याची दरड, दर शंभर फुटांवर वळण. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाने मागे घ्यायची. आमचा ड्रायव्हर लातूर-नांदेड रस्त्यावर वीस वर्षं गाडी हाकणारा माणूस, पण इथं त्याच्या कपाळावरचा घाम मला मागून दिसत होता. आई ६८ वर्षांची, दोनदा उलटी झाली तिला. टोपल्या उचलून पिल्लं बघायचा फेरा सकाळ-संध्याकाळ असतो; पहाटे साडेतीनला मुक्कामी टेकलो आणि सकाळचा पहिला फेरा झोपेत गेला.

तेव्हा स्पष्ट सांगतो. अंधारात हा घाट करू नका. पुणे सकाळी लवकर सोडा, नाहीतर माणगावला मुक्काम टाका. बोटीची वेळ वेळासला ज्यांच्या घरी उतरणार त्यांना फोन करून विचारा, दुसऱ्या कुणावर विसंबू नका. मोठी टेम्पो ट्रॅव्हलर नेऊ नका, लहान गाडी न्या. शनिवारी बोटीसाठी गाड्यांची रांग लागते, तो वेळ वेगळा धरा.

आता पैशाचं. माणशी ४,८०० रुपये घेतले आमच्याकडून. वेळासला राहायचं ते गावकऱ्यांच्या घरात, जेवायचं त्यांच्याच ओटीवर. घरच्या काकूंना सहज विचारलं तर त्यांच्या हातात पडलेली रक्कम त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होती. गाडीभाडं धरूनही हिशेब जुळत नाही. मला राग पैशाचा आहेच, पण ते पैसे वेळासला पोचले नाहीत याचा जास्त आहे. याच गावातली मुलं रात्री-पहाटे किनारा चालतात आणि वाळूतला मादीचा माग बघून अंडी शोधतात. सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये हे काम इथं सुरू केलं. त्याआधी घरटी उकरून अंडी नेली जायची, माणसं न्यायची आणि कोल्ही-कुत्रीही. तेव्हा थेट गावात फोन करा, मधला माणूस नको.

आणि मधल्या माणसाला जे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्याने सांगितलं नाही, ते असं. इथं मोठं कासव दिसत नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी, दोन-सव्वादोन फुटांची, रात्री एकटी येते. मागच्या पंखांनी मडक्यासारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि निघून जाते. ओडिशात गहिरमाथ्याला किंवा ऋषिकुल्येला हजारो माद्या एकदम येतात. ते फोटो दाखवून कोकणची सहल विकली जाते. कोकणात तसं होत नाही. इथं बघायची ती पिल्लं.

पिल्लंही कुणाच्या रविवारी निघत नाहीत. सापडलेली अंडी काही तासांत उचलून, न उलटवता, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. नंतर हलवली तर आतला जीव मरतो. तिथून साधारण ४५ ते ५५ दिवस. वाळू गार असली तर जास्त लागतात, तापली तर कमी. त्याच उबेवर नर की मादी हेही ठरतं, जास्त उबेत माद्या होतात. प्रत्येक घरट्यापाशी पाटी असते, त्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. आम्ही गेलो तेव्हा जुनी घरटी फुटून गेलेली होती आणि पुढच्या घरट्याला ४७ वा दिवस होता. हे मला शनिवारी संध्याकाळी, रिकामी टोपली बघितल्यावर कळलं. निघण्याआधी एका फोनवर कळलं असतं.

रविवारी सकाळी पुन्हा काही नाही. पुण्या-मुंबईच्या गाड्या चिडून निघून गेल्या. रविवारी संध्याकाळीही काही नाही. सहलीचा मुक्काम संपला होता. मी पदरचे पैसे घालून एक रात्र वाढवली, ड्रायव्हरला समजावलं, शाळेत रजेचा निरोप धाडला. मधला दिवस बाणकोटचा किल्ला वगैरे बघण्यात गेला.

सोमवारी सकाळी किनाऱ्यावर आम्ही जेमतेम पंधरा माणसं. टोपली उचलली आणि खालची वाळू हलत होती. एक डोकं वर आलं, मग चार, मग सगळं एकमेकांच्या अंगावर चढत. ३७ पिल्लं. तळहातावर तीन मावतील एवढी, काळपट, पाठीला वाळू चिकटलेली. दोरीच्या पलीकडे, पाण्यापासून थोडं अलीकडे सोडली. पाण्यात नेऊन ठेवत नाहीत, चालायचं त्यांनी स्वतः. आई बराच वेळ बघत होती. परळी, औंढा, आमच्या गावचा महादेव, जन्मभर नंदीपुढच्या दगडी कासवाला हात लावून आत गेलेली बाई. मला म्हणाली, "बाळा, ह्याला पाय कुठंयत रे?" खरंच नाहीत, पंख आहेत. गोदावरीतल्या कासवाला बोटं आणि नखं असतात. हे मात्र पाण्याबाहेर जेमतेम सरकतं, आणि डोकं पाठीत ओढून घेणंही त्याला जमत नाही. दगडी कासव आत दडी मारून बसतं, हे दडू शकत नाही. दोन पिल्लांना लाटेने परत फेकलं. ती वळली आणि पुन्हा निघाली. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. आई ३७ नीट मोजत होती, शेवटचं पाण्यात जाईपर्यंत तिने कुणाला बोलू दिलं नाही.

तिथे उभं राहायचं तर दोरीच्या मागे राहा. पिल्लं उजेडाकडे वळतात, म्हणून फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. हातात घेऊ द्या म्हणून घरटी राखणाऱ्या पोरांच्या मागे लागू नका, कायद्याने या कासवाला वाघाएवढंच संरक्षण आहे. लहान लेकरं बरोबर असतील तर त्यांना आदल्या रात्रीच समजावून ठेवा.

माझा हिशेब असा: किमान दोन मुक्काम, म्हणजे तीन-चार फेरे पदरात पडतात. शनिवार-रविवार नकोच. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हे दिवस बरे, पण महिन्यावर जाऊ नका, घरट्यांच्या तारखांवर जा. एका मुक्कामाचं पॅकेज कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. वेळासला जमलं नाही तर आंजर्ले आणि गुहागरलाही अशी घरटी राखतात. २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. आणि ओडिशात पंखाला टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या देशाला वळसा घालून आली ती.

निघताना कुंपणातल्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढून घेतले. सगळ्यात नवीन घरटं २१ फेब्रुवारीचं, ११२ अंडी. म्हणजे ७ ते १७ एप्रिल. वाळू तोवर तापलेली असेल, म्हणून ६ तारखेपासूनच रजा टाकली आहे. आई येणार आहे. या वेळी माणगावला मुक्काम करून, दिवसाउजेडी.