कंत्राटदाराचा रजेचा अर्ज

जुलै 2023 मध्ये बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका टर्निंग शॉपच्या, म्हणजे लेथवर धातूचे नग कातणाऱ्या कारखान्याच्या, फायलीत मला वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलेला रजेचा अर्ज सापडला. ‘खानापूरला गावी भाताची लावणी असल्याने दोन दिवस रजा मिळावी, ही नम्र विनंती,’ असा मजकूर होता आणि खाली लाल शाईत ‘नामंजूर, डिस्पॅच आहे’ असा मालकांचा शेरा होता. अर्ज करणारा माणूस कागदोपत्री त्या कारखान्याचा कामगार नव्हता. तो स्वतंत्र कंत्राटदार होता, आणि तसा करार मीच तीन वर्षांपूर्वी करून दिला होता.

मी बेळगावात लहान कारखान्यांना कामगार कायद्यांबाबत सल्ला देतो. हे काम कायद्याचे आहे असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात निम्मा महिना 15 तारखेच्या आत पीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) आणि ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) चलन भरण्यात आणि आधारवरचे नाव बँकेतल्या नावाशी जुळवण्यात जातो. त्या धावपळीत करारासारखे कागद जुन्या नमुन्यावर नावे बदलून तयार होतात. अर्ज करणाऱ्यासह त्या कारखान्यात कंत्राटदार म्हणून दाखवलेल्या नऊ जणांचे करारही तसेच तयार झाले होते. करार इंग्रजीत होता, सह्या मराठीत होत्या, आणि कारखान्यात पाऊल न टाकता मी तो दिला होता, ही माझी चूक मला मान्य आहे.

या वेळी मालकांना त्याच करारांचे नूतनीकरण हवे होते. पगारपत्रकावर 17 माणसे होती आणि ‘कंत्राटी बिला’वर 9. सतराचा आकडा योगायोगाने आलेला नव्हता, कारण भविष्य निर्वाह निधी कायदा 20 माणसांपासून लागू होत होता. ईएसआय 10 पासूनच लागू होत असल्याने सतरा जणांचा विमा होता, पण उरलेल्या नऊ जणांपैकी कोणाचे लेथवर बोट गेले असते तर त्याच्यासाठी विम्याच्या दवाखान्याचे दार बंद होते. माणसे कंत्राटी दाखवली की मोजणीतून सुटतात, हा आपल्या औद्योगिक वसाहतीत घट्ट रुजलेला गैरसमज आहे. कारखान्याच्या कामासाठी कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही 1952 च्या त्या कायद्याखाली कर्मचारीच ठरत होता आणि मोजला जात होता. आमच्याच व्यवसायातील काही जण हे ठाऊक असूनही मालकांना ‘194 सी खाली (आयकर कायद्याचे कंत्राटदारांसाठीचे कलम) एक टक्का टीडीएस कापा, विषय संपला’ असे सांगत आले, याची मला मनापासून चीड येते. कर कोणत्या कलमाखाली कापला, यावरून माणूस कामगार आहे की नाही हे ठरत नाही.

या वेळी मी सही करण्याआधी कारखान्यात गेलो आणि पूर्ण पाळी उभा राहिलो. नऊही जणांचे अंगठे त्याच हजेरीच्या यंत्रावर उमटत होते आणि पाळीच्या तक्त्यावर त्यांची नावे इतरांच्या मध्येच होती. यंत्रे मालकांची, ड्रॉइंग मालकांचे, कूलंटही मालकांचे. सर्वांत बोलकी गोष्ट टीप बदलण्याची होती. लेथवर धातू कातणाऱ्या टोकाची धार गेली की कामगाराने ती झिजलेली टीप सुपरवायझरच्या टेबलावर ठेवायची, तो ती उजेडात फिरवून चारही कोपरे वापरले आहेत का ते पाहणार, वहीत सही घेणार आणि मगच कुलपातून नवी देणार. पहिला नग कातला की तोही मायक्रोमीटरखाली मंजूर झाल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. बिले पाहिली तर ती ठरलेला रोज गुणिले हजेरीचे दिवस अशीच होती. नगांचा उल्लेखही नव्हता.

त्याच दुपारी अनगोळचा एक जॉबवर्कवाला टेम्पोतून माल घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या घराशेजारी दोन लेथ आहेत, तीन कारखान्यांची कामे तो घेतो, दर तो सांगतो, हाताखाली स्वतःचा माणूस ठेवतो, आणि नग बाद झाला तर मालाची किंमत त्याच्या बिलातून वजा होते. नफा आणि तोटा दोन्ही त्याचा. खरा स्वतंत्र कंत्राटदार असा दिसतो. त्याच्याशी केलेल्या करारावर मी आजही डोळे मिटून सही करीन.

‘पण ते नगावर काम करतील असे लिहू या की,’ असे मालक म्हणाले. नगावर मजुरी दिल्याने नाते बदलत नाही, हे मला पुस्तकाआधी घरात कळले होते. माझी आत्या निपाणीत घरी बसून हजारामागे ठरलेल्या मजुरीवर बिड्या वळायची आणि संध्याकाळी छाट काढणाऱ्यापुढे, म्हणजे खराब बिड्या बाद करणाऱ्यापुढे, मान खाली घालून उभी राहायची. घरी बिड्या वळणाऱ्या अशा कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या दशकात ठरवले. माल नाकारण्याचा अधिकार हेच तिथे मालकाचे कामावरचे नियंत्रण मानले गेले. त्याआधी 1973 मध्ये, दुकानाच्या यंत्रांवर नगावर कपडे शिवणारे शिंपीही दुकानाचे कामगारच ठरले होते.

मी मालकांना लेखी कळवले की नऊही जणांना पगारपत्रकावर घ्यावे लागेल, पीएफ सव्वीसही जणांना लागेल, आणि मागील काळातील कामगारांचा हिस्सा आता त्यांच्या पगारातून कापता येणार नाही. दोन्ही हिस्से, शिवाय वार्षिक 12 टक्के व्याज मालकांनाच भरावे लागेल. ते वाईट गृहस्थ नाहीत. दिवाळीला बोनस कधी चुकवलेला नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांनी सर्वांची नोंदणी केली. मागच्या तीन वर्षांबद्दलच्या माझ्या पत्राला मात्र उत्तर आलेले नाही. मी त्यांचे काम सोडलेले नाही आणि ते बरोबर आहे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

नोंदणीच्या आठवड्यात तो खानापूरचा माणूस माझ्या कचेरीत आला. ‘सर, हातात कमी येणार म्हणूलालेत. पीएफ नको लिहून दिलं तर चालंल काय?’ असे त्याने विचारले. कायद्याने लागू असलेला हक्क असा लिहून सोडता येत नाही, हे मी त्याला समजावले, त्याच्या कापलेल्या रकमेइतकीच रक्कम मालकही भरणार हे आकडे मांडून दाखवले, आणि मग न राहवून तो अर्ज त्याच्यापुढे ठेवला. तुमच्या करारानुसार तुम्हाला रजा मागण्याची गरजच नव्हती, तुम्ही केव्हाही जाऊ शकत होता, असे मी म्हणालो.

त्याने तो कागद बराच वेळ पाहिला. ‘त्या साली आई आणि बायकोनंच लावणी उरकली,’ तो म्हणाला, आणि अर्ज घडी घालून त्याने परत माझ्या टेबलावर ठेवला.