तुम्ही विचारलंत म्हणून: आधी काम, मग ओळख

वेगवेगळ्या देशांतल्या, भाषांतल्या आणि धर्मांतल्या तरुणांना एकत्र आणून श्रमशिबिरं भरवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे एक प्रश्न माझ्यापर्यंत पुन्हा पुन्हा येतो. शिक्षक विचारतात, संस्थांचे कार्यकर्ते विचारतात, ज्यांच्या कार्यालयात चार देशांची माणसं एका खोलीत बसतात तेही विचारतात: "दोन संस्कृतींच्या लोकांना एकमेकांविषयी आपलेपणा वाटायला हवा असेल, तर सुरुवात कुठून करायची? आधी एकमेकांच्या रीतीभातींची नीट माहिती द्यायची ना?"

नाही. आधी काम द्या. दोघांनाही हवं असलेलं, आणि एकट्याच्यानं कुणाच्याच न होणारं खरंखुरं काम. एकमेकांविषयीची माहिती वाईट नसते, पण भूक लागायच्या आत वाढलेलं अंगी लागत नाही. ती भूक कामातून लागते.

परिचयाची सत्रं मी अनेक पाहिली आहेत. सगळे गोल बसतात आणि कुणीतरी प्रेमाने विचारतं, "तुमच्याकडे थोरामोठ्यांशी कसं वागतात?" उत्तर देणारी मुलगी त्या क्षणी स्वतःबद्दल बोलू शकत नाही. न भेटलेल्या कोट्यवधी लोकांच्या वतीने तिला बोलावं लागतं. ती जे सांगते ते तिच्या घरात तसं असेलच असं नाही, पण ऐकणाऱ्यांच्या वहीत "ते लोक असे असतात" ही नोंद होते. मग पुढचे दिवस त्या नोंदीतल्या खुणा तिच्यात शोधण्यात जातात, आणि शोधायला निघालं की खुणा सापडतातच. हेतू चांगला असूनही माणूस नमुना होऊन बसतो.

आमच्या क्षेत्रात ज्या गावाचं नाव आदराने घेतात, ते फ्रान्समधलं एन. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, व्हर्दूनच्या परिसरात महिनोनमहिने चाललेल्या लढाईत हा सगळा मुलूख तोफगोळ्यांनी नांगरून निघाला होता. नोव्हेंबर १९२० मध्ये पिएर सेरेसोल हा स्विस शांततावादी मोजक्या स्वयंसेवकांना घेऊन तिथे पोचला. शिक्षणाने तो इंजिनिअर होता. राहायला तात्पुरती घरं उभारायची, रस्ते दुरुस्त करायचे, खड्डे बुजवायचे, असं काम. आणि त्या तुकडीत जर्मनही होते. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना, ज्या देशाच्या तोफांनी गाव पाडलं त्याच देशातली माणसं हातात फावडं घेऊन तिथे उभी राहिली. क्षमा मागण्याचा कार्यक्रम कुणी ठेवला नव्हता, संस्कृतीची देवाणघेवाण म्हणून कुणी भाषण केलं नव्हतं. हिवाळा तोंडावर होता आणि लोकांना छप्पर हवं होतं.

ते काम पुरं झालं नाही, हेही सांगायलाच हवं. जर्मनांच्या तिथे असण्याला विरोध झाला, वरून पाठबळ मिळेना, आणि १९२१ च्या वसंतात तुकडीला गाव सोडावं लागलं. सेरेसोल यांनी हा मार्ग सोडला नाही. आज 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या नावाने जगभर चालणारी श्रमशिबिरं त्यातूनच उभी राहिली. पण माझ्या दृष्टीने त्या गावातून निघून जावं लागणं हा या कहाणीचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे, कारण नुसत्या सद्भावनेची धाव कुठपर्यंत असते ते त्यातून कळतं.

चौतीस वर्षांनी, १९५४ मध्ये, हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी हीच गोष्ट अभ्यासकाच्या भाषेत मांडली. दोन गट नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह विरत नाहीत. एकत्र असताना दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि कायदा, संस्था किंवा ज्यांचा शब्द चालतो अशा माणसांचा पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी तोवर झालेले ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो, ऑलपोर्टच्या अटी पुऱ्या नसल्या तरी काही प्रमाणात होतो, आणि अटी पाळल्या तर अधिक होतो, असं त्यातून दिसलं. मला हे धीर देणारं वाटतं. परिस्थिती आदर्श होईपर्यंत थांबायची गरज नाही.

१९५४ चाच मानसशास्त्रज्ञ मुझफर शरीफ यांचा ओक्लाहोमातला प्रयोगही लोक मला नेहमी ऐकवतात. शिबिरात मुलांचे दोन गट केले, स्पर्धा लावल्या, वैर पेटलं, मग बंद पडलेला पाणीपुरवठा दोघांनी मिळून सुरू केला आणि वैर निवळलं. प्रयोग बोलका आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. ती मुलं एकाच प्रकारच्या घरांतली होती, भांडण संशोधकांनीच लावलेलं होतं, आणि आदल्या वर्षीच्या तशाच शिबिरात मुलांनी भांडायलाच नकार दिला होता. त्या आदल्या वर्षीच्या मुलांची गट पाडण्याआधी एकमेकांशी ओळख झालेली होती. मला त्या फसलेल्या प्रयोगाचंच जास्त अप्रूप आहे.

शाळेतल्या शिक्षकांना मी सांगते ती गोष्ट टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराची. १९७१ मध्ये तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि शाळांमध्ये तणाव होता. मदतीला बोलावलेल्या मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी वर्गात बसून पाहिलं, तर दिसलं ते असं: बाई प्रश्न विचारतात, हात वर होतात, एकाचा नंबर लागतो, बाकीचे हिरमुसतात आणि त्याचं उत्तर चुकावं म्हणून वाट पाहतात. वर्गाची रचनाच मुलांना एकमेकांविरुद्ध उभी करत होती. त्यांनी मुलांना उपदेश केला नाही, रचना बदलली. मुलांचे लहान मिश्र गट केले. जोसेफ पुलित्झर यांचं चरित्र शिकायचं होतं, तर त्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र सगळ्या चरित्रावर. म्हणजे उरलेलं चरित्र कळायला गटातल्या बाकीच्यांचं ऐकणं भाग होतं.

एका गटात इंग्रजी ही मातृभाषा नसलेला मुलगा होता. त्याला बोलताना अडखळायला व्हायचं. इतर मुलं हसली, चिडवू लागली. देखरेखीला असलेल्या व्यक्तीने त्यांना रागावलं नाही. हवं तर चिडवत राहा, पण चिडवल्याने त्याच्याकडे असलेला भाग तुम्हाला कळणार नाही, आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे, एवढंच सांगितलं. चिडवणं थांबलं. काही दिवसांत मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली, त्याच्याकडून माहिती काढून घेण्याची त्यांना हातोटी आली, आणि विचारणारे नीट विचारू लागल्यावर तोही मोकळा होत गेला. दया, सहिष्णुता असले शब्द वर्गात कुणी उच्चारले नव्हते. मुलांना त्याची गरज होती, म्हणून त्यांनी त्याला ऐकलं, आणि ऐकल्यावर तो हुशार आहे हे त्यांना दिसलं.

हेच मी एका शिबिरात फार जवळून पाहिलं. उतारावर दगडी भिंत रचायची होती, सिमेंट न वापरता. आराखडा अर्थातच सफाईने बोलणाऱ्यांनी केला. गटात एक शांत मुलगा होता, युद्धामुळे देश सोडलेल्या कुटुंबातला. पहिल्या दिवशी गोलात बसल्यावर त्याला युद्धाविषयी विचारलं गेलं होतं आणि त्याने तीन शब्दांत उत्तर देऊन खाली पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी भिंतीला फुगवटा आला. त्याने न बोलता वरचे दोन थर उतरवले. लांबट दगड दर्शनी बाजूला आडवा लावला होता, तो उचलून त्याने टोकाकडून आत सारला, मागच्या पोकळीत चिपा ठासल्या, हाताने दाबून पाहिलं आणि मग पुढच्या दगडाकडे वळला. थोड्या वेळाने इतर पाच जण त्याच्या भोवती उकिडवे बसून कोणता दगड कुठे म्हणून खुणांनी विचारत होते. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, हे कुणी शिकवलं? वडिलांनी, तो म्हणाला. मग वडिलांविषयी, गावाविषयी, आणि शेवटी कुणी न विचारता युद्धाविषयीही तो बोलला.

बरोबरीचा दर्जा म्हणतात तो असा घडवावा लागतो. सर्वांना समान वागवू असं ठरवल्याने तो येत नाही, कारण ज्या भाषेत बैठक चालते ती ज्याची स्वतःची असते, तो बसल्या जागी वरचढ ठरतो. म्हणून आमच्या बैठकीत प्रत्येकाची पाळी असते. ज्याला आपल्या भाषेत बोलायचं असेल तो बोलतो, वाक्यागणिक दुसरा सांगतो, आणि ज्यांना बैठकीची भाषा सर्वांत चांगली येते ते शेवटी बोलतात. याला दुप्पट वेळ लागतो. तो वेळ ज्या संस्थेला द्यायचा नसतो, तिने मिश्र गट केल्याचं समाधान मानू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झाडलोटीच्या पाळ्यांचंही तेच. कोण आखतो आणि कोण उचलतो, यात जर देशानुसार वाटणी पडली, तर शेवटच्या रात्री कितीही गाणी म्हटली तरी जुनीच उतरंड पक्की होऊन लोक घरी जातात.

गोडव्याच्या धोक्याविषयीही लिहायला हवं, कारण आमच्याकडे त्याची चर्चा कमी होते. तामार सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग मांडला. त्यात एका गटाच्या हाती वाटपाचा अधिकार होता, दुसऱ्याच्या नव्हता. काहींना आपल्यातल्या सारखेपणावर बोलायला सांगितलं, काहींना फरकांवर. सारखेपणावर बोललेल्या दुबळ्या गटाला वाटलं, आता आपल्याला न्याय्य वाटा मिळेल. प्रत्यक्षात अधिकार असलेल्यांनी, बोलणं सारखेपणावर झालं असो वा फरकांवर, सारखाच भेदभाव केला. गप्पा छान झाल्या होत्या, वाटा बदलला नव्हता. म्हणून जिथे एका बाजूवर खरोखर अन्याय झालेला आहे, तिथे "आपण सगळे सारखेच" हे गाणं मी लावू देत नाही. त्या बाजूला तक्रार मांडता आली पाहिजे, आणि ती मांडल्यावर काम मोडता कामा नये.

आता मर्यादा. सल्मा मूसा यांचा इराकमधला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इस्लामिक स्टेटच्या हल्ल्यांनी विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांपैकी काहींत चिठ्ठी टाकावी तसे मुस्लिम खेळाडू घातले. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघासाठी नाव नोंदवायला अधिक तयार होते, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला मत देत होते, सहा महिन्यांनीही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी वागण्यात तसा ठळक फरक पडला नाही. संघातला मित्र मित्रच राहिला, त्याच्या समाजाबद्दलची भीती मात्र बरीचशी जागच्या जागी राहिली. यावर "मग उपयोग काय?" असं मला विचारतात. ज्यांचं घरदार त्या हिंसेत गेलं, त्यांनी सहा महिन्यांनी एकत्र सरावाला येणं मला अजिबात लहान वाटत नाही. एका हंगामाने समाज बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

समाज बदलायला काय लागतं, ते राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांच्या अभ्यासातून दाखवलं. लोकसंख्येत हिंदू-मुस्लिमांचं प्रमाण सारखं असूनही अलीगढमध्ये दंगे वारंवार झाले आणि कोझिकोडमध्ये शांतता टिकली, हे का? शेजारी म्हणून एकमेकांकडे जाणं-येणं चांगलंच, पण अफवा पसरवून आग लावणारे उठतात तेव्हा मोठ्या शहरात तेवढं पुरत नाही. तिथे व्यापाऱ्यांच्या संघटना, कामगार संघटना, व्यावसायिकांची मंडळं यांत दोन्ही समाजांचे लोक एकत्र असतील, तर शांतता राखण्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ असतो आणि अफवा खोडून काढायला माणसं आधीच जोडलेली असतात. मैत्रीला संघटनेचा कणा लागतो तो असा.

फ्रान्स आणि जर्मनीने हा कणा जाणूनबुजून उभा केला. १९५० मध्ये माँबेलियार आणि लुडविग्सबुर्ग ही दोन्ही देशांतली पहिली जोडशहरं झाली. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर यांनी एलिझे करार या मैत्रीच्या करारावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षी दोन्ही सरकारांच्या पैशांवर चालणारं युवक कार्यालय सुरू झालं. आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण त्याच्या कार्यक्रमांतून एकमेकांकडे जाऊन आले. २००३ मध्ये दोन्ही देशांच्या युवकांच्या संसदेने इतिहासाचं सामाईक पाठ्यपुस्तक मागितलं, आणि २००६ मध्ये तेच पुस्तक दोन भाषांत दोन्हीकडच्या शाळांत आलं. एन गावातून ज्या देशाच्या स्वयंसेवकांना पाठबळाअभावी निघावं लागलं होतं, त्याच देशाबरोबर एकच इतिहास लिहायला फ्रान्सला शतकाचा बहुतेक भाग लागला. पण त्यातली शेवटची चाळीस वर्षं दरवर्षी पैसा, माणसं आणि तारखा ठरलेल्या होत्या.

त्यामुळे कार्यक्रम एकदाच करायचा आहे, असं सांगून कुणी मला बोलावलं तर मी आधी त्यांचं पुढच्या वर्षाचं नियोजन मागते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी निरोपाच्या आधी आम्ही कागद घेऊन बसतो. भिंतीचा कोणता भाग राहिला, तो पुरा करायला कोण परत येणार, प्रवासाचा खर्च कुठून येणार, आणि त्या कामाची जबाबदारी दोन्ही बाजूंच्या कोणत्या दोघांकडे. ही चार उत्तरं लिहून झाल्याशिवाय मी कुणालाही सामान बांधू देत नाही.